सज्ञानतेची रेघ : दिल्लीच्या पडद्यावरील किशोरवयीन समलिंगी आत्मशोध आणि मराठी लेखन

३ फेब्रुवारी २०२३ रोजी 'क्लास' ही आठ भागांची हिंदी मालिका नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली. दिल्लीतील धनिकांच्या एका शाळेत शिष्यवृत्तीवर आलेले तीन निम्नवर्गीय विद्यार्थी, त्यांच्या वाट्याला येणारे वर्ग-जात-धर्माचे ताण आणि एका विद्यार्थिनीचा खून हे तिचे कथासूत्र आहे. या कथासूत्रालगतच ध्रुव हा शाळेतील विद्यार्थी आणि त्याच्या वर्गातील सबाचा भाऊ फारुक यांच्या प्रेमसंबंधाचा धागा चालतो. दिल्लीत घडणाऱ्या पडद्यावरील कथांत शाळकरी वयातील समलिंगी आकर्षण प्रौढाची आठवण म्हणून न येता चालू वर्तमान म्हणून आल्याचे हे ठळक उदाहरण होय. ते इतक्या उशिरा का आले, आणि दरम्यानच्या काळात मराठी लेखनाने हे वय कसे हाताळले, हे दोन प्रश्न एकत्र पाहिल्यास दोन परंपरांचे वेगळेपण ध्यानात येते.

दिल्लीमध्ये समलैंगिकतेचा प्रश्न सार्वजनिक झाला तो प्रामुख्याने कायद्याच्या भाषेत. 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने १९९१ मध्ये भारतातील समलिंगी व्यक्तींच्या स्थितीविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिहार तुरुंगात निरोध देण्यास नकार मिळाल्यावर याच गटाने १९९४ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. नाझ फाउंडेशनची याचिका २००१ मध्ये दाखल झाली. तिच्यावर मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी २ जुलै २००९ रोजी निकाल दिला. परस्परसंमतीने, खाजगीत संबंध ठेवणाऱ्या सज्ञान व्यक्तींना या कलमातून वगळताना सज्ञान म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, असे निकालात स्पष्ट केले होते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे खटलेही त्या वेळी याच कलमाखाली चालत. स्वतंत्र 'पॉक्सो' कायदा २०१२ चा. त्यामुळे ती रेघ ओढण्याचे कारण समजण्याजोगे आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने सज्ञानांच्या संमत संबंधांना पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

या लढ्यातून समलिंगी व्यक्तीची जी प्रतिमा घडली तिची लक्षणे तीन : ती सज्ञान आहे, तिची संमती आहे, आणि तिला स्वतःची खोली आहे. शाळकरी मुलाजवळ यांतले काहीच नसते. त्याच्या संमतीला कायद्याच्या लेखी अर्थ नाही; घर आईवडिलांचे असते, आणि दिवसाचा मोठा भाग शाळेच्या नजरेखाली जातो. त्यातही त्याची पहिली गरज संबंधांची नसून स्वतःला नाव देण्याची असते. न्यायालयापुढचा प्रश्न कृतीचा होता. किशोराचा प्रश्न ओळखीचा आहे. कायद्याने आखलेली रेघ संस्कृतीनेही आपली मानली आणि त्यामुळे हा दुसरा प्रश्न दीर्घकाळ पडद्यावर आलाच नाही.

पडद्याचा कालक्रम या दृष्टीने बोलका आहे. दीपा मेहता यांचा 'फायर' दिल्लीतील एकत्र कुटुंबात घडतो. त्यातील राधा आणि सीता या विवाहित जावा आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईपाठोपाठ दिल्लीच्या रिगल चित्रपटगृहावर हल्ला झाला, आणि त्याच चित्रपटगृहासमोर मेणबत्त्या घेऊन झालेल्या निदर्शनांत 'भारतीय' आणि 'लेस्बियन' हे दोन शब्द एका फलकावर आले. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'मर्यादा : लेकिन कब तक?' या स्टार प्लसवरील मालिकेतला गौरव हाही विवाहित पुरुष. मार्च २०१९ मध्ये आलेल्या 'मेड इन हेवन'चा नायक करण हा दिल्लीतील विवाहसोहळ्यांचा व्यावसायिक. कलम ३७७ खाली झालेल्या अटकेनंतर त्याला शाळेतला मित्र नवाब आठवतो. आईने त्या नात्याचा सुगावा लागताच केलेली मारहाण आणि नंतर करणने मित्राशी केलेला द्रोह, हे सारे पूर्वदृश्यांतून उलगडते. येथे किशोरवय पडद्यावर आले खरे, परंतु प्रौढाच्या अपराधभावनेचे स्पष्टीकरण म्हणून. विवाहित स्त्रिया, विवाहित पुरुष, आठवणारा प्रौढ आणि मग 'क्लास'मधील किशोर, असा पाव शतकाचा हा प्रवास आहे. विवाहसंस्थेशी होणारा संघर्ष दाखवणे सोपे होते. विवाहाच्या आधीचा, कोणाशीही न ठरलेला शोध दाखवणे अवघड.

मराठीत नेमके उलटे घडले. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले; रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. त्याची नायिका महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. आपले आकर्षण स्त्रीकडे आहे हा तिला लागलेला शोध, नमाविषयीची ओढ आणि अखेरची आत्महत्या हा या नाटकाचा विषय आहे. म्हणजे दिल्लीच्या पडद्यावर विद्यार्थिदशेतील आत्मशोध येण्याच्या चार दशके आधी तो मराठी रंगमंचावर मध्यवर्ती झाला होता. मात्र गोष्ट सांगतो तो बापू. मित्राचे बोलणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ते या सहृदय पण गोंधळलेल्या पुरुषमित्राच्या निवेदनातून. शीर्षकातला श्लेष मराठीपुरताच आहे : 'मित्राची' हे रूप सुमित्रा ऊर्फ मित्रा या मुलीचेही आहे आणि 'मित्र' या पुल्लिंगी नामाचेही. गोष्ट तिची की सांगणाऱ्याची, हा प्रश्न व्याकरणातच मुरला आहे. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात 'मित्रा'चा पर्याय लिंगनिरपेक्ष होतो आणि हा श्लेष ओघानेच हरवतो.

पुढील मराठी लेखनात मुख्य हालचाल वयाची नसून निवेदकाची आहे. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या एकपात्री नाटकात मुलाची रोजनिशी वाचणारी आई बोलते. मुलाचे शब्द आहेत, पण आवाज आईचा. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत तनय स्वतः बोलतो. घरी राहायला आलेल्या ज्या तरुणावर त्याचे प्रेम आहे त्यालाच तो 'तू' म्हणून संबोधतो. उत्तरार्धात त्याच तरुणावर प्रेम करणारी बहीण अनुजा आपली बाजू मांडते. मित्र, आई आणि अखेर स्वतः, असा हा निवेदनाचा प्रवास आहे. दिल्लीच्या पडद्याने पात्राचे वय हळूहळू खाली आणले. मराठी लेखनाने गोष्टीचा ताबा हळूहळू त्या पात्राकडे दिला.

'क्लास'चे मोल या दोन प्रवासांच्या प्रकाशात ठरते. ती 'एलिते' या स्पॅनिश मालिकेचे रूपांतर आहे. मूळ मालिका ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे भारतातील घटनापीठाच्या निकालानंतर महिन्याभरात, प्रदर्शित झाली. स्पेनमध्ये समलिंगी विवाह २००५ पासून कायदेशीर आहेत. तेथील ओमार हा पॅलेस्टिनी वंशाच्या मुस्लीम कुटुंबातला मुलगा. त्याच्यापुढचा अडसर मुख्यतः घरचा. घराबाहेर पडताच कायदा त्याच्या बाजूचा आहे. रूपांतरात तो दिल्लीत राहणाऱ्या काश्मिरी मुस्लीम कुटुंबातला फारुक होतो, आणि हा आधार नाहीसा होतो. घरापासून जे लपवायचे ते लपवायला शहरात जागा नाही, कारण शहर त्याच्याकडे आधीच संशयाने पाहते. ध्रुवची भीती प्रतिष्ठेची आहे, फारुकची सुरक्षिततेची. एकाच नात्यातील दोघांची लपण्याची कारणे अशी भिन्न ठेवण्यात रूपांतरकार आशिम अहलुवालिया यांनी मूळ कथेत खरी भर घातली आहे. तथापि निवेदनाच्या अंगाने मालिका मागेच राहते. तिची चौकट पोलिसी चौकशीची आहे. पात्रे बोलतात ती विचारलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून. तनयला लाभलेला 'तू' येथे कोणालाच मिळत नाही.

पडद्याबाहेरच्या शाळेत परिस्थिती याहून कठीण आहे. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यावर ती नोव्हेंबर २०२१ मध्ये काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढण्यात आली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या निकालाची चर्चाही स्वाभाविकपणे प्रौढांच्या हक्कांची होती.

'क्लास'ला मिळालेले वर्गीकरण 'ए' आहे. म्हणजे ती अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी आहे. तीतील मादक पदार्थ व हिंसा पाहता त्यात नवल नाही. पण परिणाम असा की ध्रुवच्या वयाच्या मुलाने ध्रुवची गोष्ट पाहू नये, अशीच व्यवस्था आहे. २००९ च्या निकालातील रेघ पात्राने ओलांडली. प्रेक्षकाला ती अद्याप ओलांडता आलेली नाही. 'मित्राची गोष्ट'मधील मित्राला आपले सांगायला एक बापू तरी भेटला होता. शाळेतल्या मुलाला तो पुस्तकात, वर्गात वा पडद्यावर कोठे भेटणार, हा प्रश्न या इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे.