अडकित्ते, वज्री आणि दप्तरे

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले की एक प्रश्न हमखास येतो : हे राजे कोणत्या संस्थानचे? संस्थान वगैरे काही नव्हते. राजा हा दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा अकाली गेलेला मुलगा. त्याचे नाव संग्रहाला दिले आहे. आणि केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. ही दुसरी ओळख आता साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही करून द्यावी लागते.

केळकर वस्तू जमवू लागले ते १९२०च्या सुमारास. त्या वेळच्या पुण्यात इतिहास म्हणजे प्रामुख्याने कागद. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले होते, आणि वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून पडलेली दप्तरे वाचवणे हे त्या पिढीने व्रत मानले होते. ते ऋण मोठेच आहे. परंतु कागदात उतरतो तो ज्याच्याबाबत लिहिण्याचे काही कारण पडले तोच. मोहीम, तह, सनद, कर्ज, वतनाचा तंटा. घरात नारळ कोण खवत असे, त्या खवणीला मोराचा आकार कोणी आणि कोणासाठी दिला, हे नोंदवण्याची निकड कोणास असणार?

केळकरांनी नेमके हेच उचलले. समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, कुलपे, दौती, वाड्यांचे कोरीव दरवाजे. अडकित्त्यांचे दालन पाहताना तर हसू येते. सुपारी कातरणे एवढेच काम, पण त्यासाठी कारागिराने घोडे घडवले, स्त्रीपुरुषांच्या जोड्या घडवल्या. टाचा घासण्याच्या वज्रींवरही पशुपक्षी आहेत. न्हाणीघरात, कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी वापरायची ही वस्तू! बायकांच्या आयुष्याचा जो भाग बखरीत शोधून सापडत नाही, तो येथे पितळेत ओतलेला आहे. त्यांच्या पत्नी कमलाबाई या उद्योगात सोबत होत्या. वस्तू घेण्यासाठी त्यांनी दागिने मोडल्याचे सांगितले जाते.

मात्र येथे भाबडेपणाने थांबता येत नाही. कागदावर तिथी असते, गाव असते, लिहिणाऱ्याचे नाव असते. दिव्यांशेजारी दिवे आणि अडकित्त्यांशेजारी अडकित्ते मांडले, की रूपांची विविधता डोळ्यांत भरते, पण प्रत्येक वस्तूचे घर सुटते. हा अडकित्ता कोणाच्या पानाच्या डब्यातला, तो कोणत्या हलाखीत विकला गेला, हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. ही मांडणी कवीची आहे, इतिहासकाराची नव्हे, असे माझे मत आहे. प्रतिमेशेजारी प्रतिमा ठेवण्याची सवय तिच्यात दिसते. तो दोष आहे, आणि त्याच सवयीमुळे हा संग्रह उभा राहिला हेही खरे. कागदपत्रांची शिस्त मानणारा माणूस वज्रीसाठी वाकला असता असे वाटत नाही.

गर्दी अर्थात मस्तानी महालापाशी होते. कोथरूडहून आणून येथे पुन्हा उभारलेले ते दालन सुंदर आहे यात शंका नाही, पण तेथे आपण पुन्हा बाजीरावांच्या, म्हणजे दप्तरांच्या इतिहासात जातो.

केळकरांनी हा सारा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. वस्तू वीस हजारांहून अधिक. मांडलेल्या त्यांतील थोड्याच.

गेल्या वेळी विद्यार्थ्यांना सांगितले, मस्तानी महाल सोडून कोणत्याही एका वस्तूवर लिहा. बहुतेकांनी दिवे निवडले आणि अंधार-प्रकाशाचे अलंकार ओळीने मांडले. एका मुलीने वज्री घेतली. तिने आजीला फोन करून विचारले होते. आजीने वज्री कशी धरायची ते सांगितले, थंडीत टाचा कशा भेगाळत ते सांगितले, आणि त्यांच्या घरची वज्री धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या वेळी भांडी मोडीत घातली त्यात गेली, हेही.