मामांचा चिमटा

मराठीत चिमटा या शब्दाने बऱ्याच नोकऱ्या केलेल्या आहेत. निखारा उचलायचा तो चिमटा, वाळत घातलेल्या कपड्यांना लावायचा तो चिमटा, आणि विनोदी लेखकाने समाजाला काढायचा तोही चिमटाच. (आमचे साहेब माझा लेख छापून आला की म्हणतात, "चिमटे छान काढता हो तुम्ही! आता जरा कालची व्हाउचरं पण काढा.") पण कुठल्याही गॅरेजातल्या मिस्त्रीला विचारा. तो सांगेल, चिमटा म्हणजे दुचाकीचं पुढचं चाक ज्यात धरलेलं असतं तो. माझ्या आयुष्यात जो चिमटा आला तो हा. जन्मगाव बर्मिंगहॅम, मुक्काम पोस्ट पवई.

आमचे थोरले मामा साकीविहार रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. 1969 साली त्यांनी एका निवृत्त सुभेदाराकडून बी.एस.ए. कंपनीची एम 20 ही मोटरसायकल विकत घेतली. त्या पैशांत मामींना शिवणयंत्र यायचं होतं. मामी आजही कुठल्याही वाक्याची सुरुवात "शिवणयंत्र असतं तर" अशी करतात, आणि मामा त्या वाक्याचा शेवट ऐकायला थांबत नाहीत.

ही एम 20 म्हणजे लढाईतली गाडी. 1937 साली ती निघाली, 500 सी.सी.चं एक सिलिंडर, 13 अश्वशक्ती, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या. निरोप्या शिपाई ती घेऊन वाळवंटापासून चिखलापर्यंत कुठेही जायचा. युद्ध संपलं आणि लष्कराने जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा यांतल्या कितीतरी गाड्या आपल्याकडे 'मिलिटरी डिस्पोजल' या नावाखाली साध्या माणसांच्या हाती आल्या. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस बँकेत वॉचमन होतो, तशी ही गाडी पवईला येऊन मामांचा डबा वाहू लागली.

आता तिचा चिमटा. आजच्या मोटरसायकलला पुढे दोन नळ्या असतात, एकीत दुसरी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. आपण त्याला शॉकअप म्हणतो. एम 20 ला नळ्या नाहीत. तिथे पुलाच्या कैचीसारखी एक पोलादी चौकट आहे, म्हणून तिला गर्डर म्हणतात. ही चौकट वर आणि खाली लहान लहान दांड्यांनी गाडीच्या मानेला जोडलेली असते. खड्डा आला की सगळी चौकट चाकासकट वर उचलली जाते आणि मधोमध बसवलेली एकुलती एक जाडजूड स्प्रिंग दबते. प्रवास दोन-तीन इंचांचा. हे सगळं उघड्यावर चालतं. गाडी चालवताना आपल्या नाकासमोर ती स्प्रिंग श्वास घेताना दिसते. मागच्या चाकाला मात्र काहीच नाही, चौकट सरळ चाकाला टेकलेली. सीटखाली दोन स्प्रिंगा आहेत, पण त्यांचं आणि पुढच्या स्प्रिंगेचं कधी एकमत होत नाही. पुढची वर जात असताना या खाली येतात. मधे राहतो तो आपला कणा. मागचा शॉकअप म्हणायचा तर तोच.

जुन्या लोकांना अक्कल नव्हती म्हणून त्यांनी असं केलं, असा माझा बी.कॉम. समज होता. थोडं वाचल्यावर तो गेला. सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या, पुढचा चिमटा सरळसोट कडक. मग या शतकाच्या... चुकलो, मागच्या शतकाच्या आरंभी जो तो स्प्रिंग बसवू लागला. (बँकेतल्या माणसाचं शतक तारखेच्या शिक्क्याबरोबर बदलायला हवं होतं, पण नाही बदलत.) अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने स्प्रिंगचा चिमटा घेतला तो 1949 पर्यंत मोठ्या गाड्यांवरून उतरवला नाही. त्यांची तऱ्हा वेगळी: मागे कडक पाय, पुढे स्प्रिंगवाले पाय, आणि खाली दोघांना जोडणारी झुलती पट्टी. विलायतेत गर्डर. आणि रॉयल एन्फिल्डने युद्धात विमानातून पॅराशूटने टाकायची एक छोटी गाडी केली, तिच्या चिमट्यात तर स्प्रिंगच्या जागी रबरबँड होते! हे वाचलं तेव्हा मी कॅशच्या काउंटरवर होतो. समोरच्या बंडलाला लावलेल्या रबराकडे मी नव्याने आदराने बघितलं. त्याच वेळी ते तुटलं.

सरकत्या नळीचा फोर्क कोणी आणला? 1934 साली डेन्मार्कच्या निंबस मोटरसायकलने, आणि त्यात तेलाचा दाब घालून 1935 साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू.ने. निंबस बनवणारी कंपनी मुळात घर झाडायचे व्हॅक्यूम क्लीनर बनवायची, ही गोष्ट मी मामींना मुद्दाम सांगितली. मामी म्हणाल्या, "बघा, त्यांनी आधी घराचं बघितलं." आणि गंमत पुढेच आहे. लार्सन आणि टुब्रो हे दोघेही डॅनिश इंजिनीअर. 1938 साली त्यांनी मुंबईत कंपनी काढली आणि पुढे पवईच्या दलदलीत आणि झाडीत कारखाना उभा केला. म्हणजे ज्या देशाने नळीचा फोर्क रस्त्यावर आणला, त्याच देशाची माणसं आमच्या तळ्याकाठी आली. पुढे 1958 साली आय.आय.टी. निघाली ती सोव्हिएत मदतीने, आणि त्या सोव्हिएत फौजेतल्या कितीतरी जणांनी महायुद्ध अमेरिकेने पाठवलेल्या स्प्रिंगवाल्या हार्ल्यांवर बसून बघितलेलं. या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण 1969 साली मामा या दोन्ही फाटकांवरून रोज गर्डर घेऊन जात होते, हा तरी संबंध आहेच की.

तोवर बाकीचं जग बदललं होतं. 1955 पासून मद्रासला बुलेट जुळायला लागली होती, ती नळीवाली. टेकडीपलीकडे भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर व्हायची. तिच्या पुढच्या चाकाला मात्र झुलता दांडा आणि स्प्रिंगच होती. मोटरसायकलवरून हाकललेला जुना विचार स्कूटरच्या आडोशाला राहिला, असं म्हणायला हरकत नाही. राजदूत आली तीही पोलंडच्या नकाशाबरहुकूम, झुलत्या चिमट्याची. दूधवाल्यांचा त्या राजदूतवर फार जीव.

तीन वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी माझ्याकडे आली. हिशेबाच्या भाषेत तिची घसाऱ्यानंतरची किंमत शून्य. मी ती वाकून घेतली.

या गाडीला दोन बटणं आहेत. एक हॅण्डलच्या वर मधोमध, ते हॅण्डल जड करतं. दुसरं चिमट्याच्या बाजूला, ते चौकटीच्या दांड्यांवर चकत्या आवळतं, म्हणजे स्प्रिंग उगाच नाचत राहू नये. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बँकेत आम्हाला एकच शिकवण: जे काही आहे ते घट्ट ठेवा. मी दोन्ही बटणं शेवटपर्यंत आवळली.

पहिल्याच दिवशी आय.आय.टी.समोरच्या गर्दीत मी असा काही नागमोडी चाललो की शेजारच्या रिक्षावाल्याने "काका, सकाळी सकाळी?" असं विचारलं. मी सणावारालासुद्धा घेत नाही. पण हॅण्डल जड केलं की हळू वेगात तोल सावरायला जे बारीक बारीक हेलकावे द्यावे लागतात, तेच देता येत नाहीत. आणि मग फिल्टरपाड्यावरून आरेकडे वळलो. पावसाळा नुकताच संपलेला. बारीक खड्ड्यांवर चिमटा जागचा हलेना, दगडासारखा, दात वाजत होते. आणि मोठा खड्डा आला तेव्हा तो एकदम सुटला, उसळला, आणि हॅण्डल माझ्या हातात डावी-उजवी, डावी-उजवी असं नकार देऊ लागलं. झाडाच्या अलीकडे चार फुटांवर गाडी थांबली. झाड तिथेच होतं म्हणून अंतर सांगता येतं.

एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या मालकाने गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "साहेब, हा चिमटा भंगार आहे. काढून टाकू, बुलेटचा फोर्क लावू. 14,000 मध्ये मख्खन चालेल." आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं पुष्कळदा हेच होतं: टाकी बर्मिंगहॅमची, नाक मद्रासचं. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. घरी बायको आहे, दहावीतली मुलगी आहे, फंडावर वारस लावलेला आहे, पण तो पैसा त्यांना इतक्या लवकर मिळावा असं मला वाटत नव्हतं. मी हो म्हणालो. फक्त आगाऊ पैसे देण्याआधी मामांना विचारावं, एवढी लाज शिल्लक होती.

मामा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बदल ना. गाडी तुझी आहे." हे वाक्य मी बँकेत ऐकलेलं आहे. मुलं म्हाताऱ्या बापाकडून मुदत ठेव मोडण्याच्या अर्जावर सही घेतात, तेव्हा बाप असंच म्हणतो.

मी म्हटलं, "पण मामा, तुम्ही तर ती पन्नास वर्षं चालवलीत. तुम्हाला नाही कधी हॅण्डल झटकलं?"

"बटण कुठे होतं?"

"घट्ट होतं. पूर्ण."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मामा काठी घेऊन उठले. खाली आले. "चाक भिंतीला टेकव. पुढचा ब्रेक दाब. आता हॅण्डल पुढेमागे हलव. ऐक." मी ऐकलं. खट. "हलव. हं. खालच्या दांड्यात आहे. पिना झिजल्यात. ग्रीस कधी भरलंस?" मी निरुत्तर. या चिमट्याला चार पिना, प्रत्येकीला ग्रीस लागतं, आणि ते आठवड्याला लागतं. नळीच्या फोर्कला वर्षभर कुणी विचारत नाही. गर्डर गेला त्याचं निम्मं कारण हे असावं, असं माझं मत आहे. जगाला दर रविवारी ग्रीसगन घेऊन बसायचं नव्हतं.

उरलेलं निम्मं कारण मामांनी बटणावर बोट ठेवून सांगितलं. चकत्यांचा रोध कसा असतो? सुरुवातीलाच अडवतो. लहान धक्का आला तर हलत नाही, आणि मोठ्या धक्क्याने एकदा सरकला की मग त्याला फारसं आवरत नाही. मला हे लगेच पटलं, कारण ही आमची कर्ज देण्याची पद्धत आहे. पाच हजारवाल्याला सात फॉर्म, आणि पाच कोटीवाला आला की दार आपोआप उघडतं. तेलाचं याच्या उलट. धक्का जितका जोरात, तितका तेलाचा विरोध जास्त. चौकट वाईट नव्हती, चकत्या वाईट होत्या. उलट चौकटीचा एक गुण नळीत नाही: ब्रेक दाबला की नळीवाली गाडी नाक जमिनीला लावते, ही फारशी वाकत नाही. मामांना हे ठाऊक नव्हतं, मी नंतर वाचलं, की 2004 साली बी.एम.डब्ल्यू.ने आपल्या एका महागड्या गाडीला पुन्हा दोन दांड्यांवर झुलणारी चौकटच लावली, आत तेलाचा शॉकअप घालून. होंडाच्या मोठ्या गोल्ड विंगने 2018 साली तोच रस्ता धरला. मी त्या गॅरेजवाल्याला हे सांगायला गेलो नाही. तो तिलाही बुलेटचा फोर्क सुचवता.

साकीनाक्याला एका लेथवाल्याने चार नव्या पिना आणि बुश करून दिले. वायसर धरून 2,300 रुपये. मामींनी आकडा ऐकला आणि हिशेब करायला लागल्या, तेव्हा मी गाडी बाहेर काढली.

मामा मागे बसणार म्हणून हटून बसले. मागे स्प्रिंग नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? दिवाणावरची उशी बांधून त्यांना बसवलं. ठरलं असं की खांद्यावर एक थाप म्हणजे बटण सैल कर, दोन थापा म्हणजे आवळ. मामांनी ही बटणं उभ्या आयुष्यात रस्त्याप्रमाणे फिरवली होती, खाणीच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याला एक, कारखान्यापुढच्या डांबराला दुसरं, आणि चालत्या गाडीवर, न बघता. मला ते उभं राहूनच जमत होतं. एक थाप पडली. थांबून अर्धा फेरा सैल केला. गाडी अशी मऊ झाली की मला आधी वाटलं चाकातली हवा गेली. पेव्हर ब्लॉक आले ते हातांना कळले, दातांना कळले नाहीत. चौकट खाली-वर होत होती आणि हॅण्डल सरळ होतं. तीस-पस्तीसच्या वेगाला एखाद्या मोठ्या बोटीत बसल्यासारखं वाटत होतं. तळ्याच्या कठड्याजवळ पुन्हा एक थाप पडली. मी थांबलो, बटणाकडे हात नेला.

"अरे, बटण नको," मामा म्हणाले. "चहा."

चहा घेताना मामा गाडीला टेकून तळ्याकडे बघत उभे होते. एका हातात ग्लास होता. दुसरा हात चिमट्याच्या बटणावर होता आणि बोटं न बघता ते फिरवत होती.

"परत जाताना फाटकापासचा रस्ता खणलाय," ते म्हणाले. "पाव फेरा पुरे."