गोंदिया परिसरातील फौजदारी न्यायाचा इतिहास : साधनांचा शोध

गोंदिया जिल्ह्यातील गुन्हे व फौजदारी न्याय या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी ग्रंथालयात जातो, सूचीतील 'गोंदिया' हे पद काढून पाहतो आणि अलीकडच्या दोन-चार अहवालांपलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. साधनांचाच अभाव आहे असे समजून मग तो विषय बदलतो. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, विषय तोच ठेवून गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या आकड्यांवर सारा डोलारा उभा करतो. वस्तुतः साधने विपुल आहेत. ती दुसऱ्या गावांच्या नावांखाली दडलेली आहेत, एवढेच.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचा पूर्व भाग होता. भंडारा जिल्हा १९६० पासून महाराष्ट्रात, १९५६ ते १९६० या काळात द्विभाषिक मुंबई राज्यात, त्यापूर्वी मध्यप्रदेशात, आणि १८६१ पासून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऊर्फ मध्यप्रांतात होता. १८५४ पूर्वी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या राज्यात वैनगंगेच्या या प्रदेशाचे ठाणे काही काळ लांजी येथे होते, ते पुढे भंडाऱ्यास हलविण्यात आले. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला आणि लांजी त्यात गेली. आज ती मध्यप्रदेशात आहे. म्हणजे एकाच गावातील चोरीचा वा खुनाचा कागद कालमानाप्रमाणे लांजी, भंडारा, नागपूर, भोपाळ, मुंबई, दिल्ली किंवा लंडन यांपैकी कोठेही असू शकतो. अभ्यासकाने स्थळनामाच्या मागे न लागता अधिकारक्षेत्राच्या मागे लागावे. त्या वर्षी त्या गावावर न्यायाचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न आधी सोडवावा. सूची नंतर उघडावी.

भोसल्यांच्या काळासाठी रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटाचा १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला नागपूर राज्यावरील अहवाल हा सर्वांच्या परिचयाचा ग्रंथ होय. त्यात न्याय व पोलीस यांची माहिती आहे. परंतु जेंकिन्स हा तटस्थ निरीक्षक नव्हता. १८१८ नंतर अल्पवयीन राजाच्या नावाने राज्याचा कारभार तोच पाहत होता आणि जुनी व्यवस्था कशी सदोष होती हे दाखविण्यात त्याचे हित होते. या अहवालास या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) आणि त्यांनीच संपादिलेला पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचा नागपूरविषयक खंड यांची जोड द्यावी. वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ (१९५३) पद्धती समजून घेण्यास अत्यंत उपयुक्त आहे. मात्र तेथील निष्कर्ष वैनगंगेच्या खोऱ्यास जसेच्या तसे लावू नयेत. मूळ कागद मोडीत आहेत, हे सांगावयास नकोच.

या काळातील एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केल्यानंतर कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले. कामठा आज गोंदिया तालुक्यात आहे. या प्रकरणाची हकीकत न्यायविषयक कागदांत शोधणे व्यर्थ होय, कारण सरकारदप्तरी ते 'बंड' ठरले आणि राजकीय पत्रव्यवहारात गेले. त्याच प्रदेशात, त्याच सुमारास, रानात दडून बसलेल्या एखाद्या सामान्य माणसाने हेच केले असते तर तो 'दरोडेखोर' ठरला असता आणि त्याचा कागद दुसऱ्या रुमालात बांधला गेला असता. अमुक कृत्य गुन्हा आहे की नाही हा निवाडा पुष्कळदा न्यायाधीशाच्याही आधी दप्तर लावणाऱ्या कारकुनाने केलेला असतो.

१८६१ नंतर साधनांचे स्वरूप पालटते. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. पोलिसांचा कायदा व फौजदारी कार्यपद्धतीची पहिली संहिता १८६१ च्या आहेत. तेव्हापासून मध्यप्रांत सरकार पोलीस, तुरुंग व फौजदारी न्याय यांवर वार्षिक अहवाल प्रसिद्ध करू लागले आणि त्यांत जिल्हावार कोष्टके आली. चार्ल्स ग्रँटने संपादिलेले १८७० चे गॅझेटिअर, रसेलचे भंडारा जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटिअर आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली त्याची सुधारित आवृत्ती ही तीनही शेजारी ठेवून वाचावीत. एका गॅझेटिअरमधील वाक्य दुसऱ्यात कसे उतरते आणि उतरताना त्याचा आधार कसा गळून पडतो, हे त्यावाचून कळत नाही.

तथापि पोलीस अहवालांवर विसंबणाऱ्याची या जिल्ह्यात हमखास फसगत होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव हा मुलूख मुख्यतः अरण्याचा. येथील सामान्य माणसाची सरकारशी गाठ पडत असे ती दंडसंहितेमुळे क्वचितच. ती पडे सरपणाची मोळी, गुरांची चराई, घरासाठी तोडलेले लाकूड आणि मोहाची दारू यांमुळे. मालगुजाराच्या जंगलात जो पिढीजात निस्ताराचा हक्क होता, तोच सरकारी राखीव जंगलाच्या सीमेपलीकडे १८७८ च्या वनकायद्याने अपराध झाला. हे अपराध पोलीस कोष्टकांत येत नाहीत. ते वनविभागाच्या वार्षिक अहवालांत आहेत. दारूचे अपराध आबकारी अहवालांत आहेत. शिवाय वनाधिकाऱ्यास रक्कम घेऊन प्रकरण जागच्या जागी मिटविण्याचा अधिकार होता. १९२७ च्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये तो आजही आहे. अशा प्रकरणी खटला होत नाही, साक्ष होत नाही, निकालपत्र होत नाही. उरते ती फक्त वसुलीच्या रकान्यातील एक रक्कम. पोलीस अहवाल वाचून 'हा जिल्हा शांत होता' असे लिहिणाऱ्याने वनअहवालातील तो रकाना पाहिलेला नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते गोंदिया परिसराचा गुन्हेविषयक इतिहास लिहावयाचा झाल्यास तो याच रकान्यापासून लिहावयास हवा. पण वनशास्त्राच्या कपाटाकडे इतिहासाचा विद्यार्थी सहसा फिरकत नाही.

कपाटांचा विषय निघालाच आहे, तर ग्रंथालयातील वर्गीकरणाविषयीही सांगितले पाहिजे. ड्यूईच्या दशांश पद्धतीत गुन्हेशास्त्र ३६४ खाली, तुरुंग ३६५ खाली, पोलीस ३६३.२ खाली आणि फौजदारी कायदा ३४५ खाली येतो. मात्र १९७१ च्या अठराव्या आवृत्तीत कायद्याचा सारा विभाग नव्याने रचला गेला. त्यापूर्वी फौजदारी कायदा ३४३ खाली असे. जुन्या ग्रंथालयांनी आपली पुस्तके पुन्हा वर्गीकृत केलेली असतीलच असे नाही. सबब दोन्ही फळ्या पाहाव्यात. गॅझेटिअरे भूगोलात वा इतिहासात, आणि जातीजमातींवरील ग्रंथ समाजशास्त्रात.

या शेवटच्या फळीवर अभ्यासकाने विशेष सावध राहिले पाहिजे. कारण येथे चूक झाली तर ती केवळ प्रबंधात राहत नाही. ती हयात माणसांच्या माथी बसते.

१८३६ च्या ठगीविषयक तिसाव्या कायद्याने एखादी व्यक्ती कंपनीच्या मुलुखात वा मुलुखाबाहेर, कायद्यापूर्वी वा नंतर, ठगांच्या टोळीत होती एवढे सिद्ध झाल्यास जन्मठेपेची शिक्षा ठरविली. विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याची गरज उरली नाही. नागपूर राज्य तेव्हा कंपनीच्या मुलुखाबाहेर होते, तरी तेथील प्रकरणे जबलपूरच्या कागदांत सापडण्याची शक्यता निर्माण होते ती यामुळेच. स्लीमनचे 'रामासीआना' हे पुस्तक त्याच वर्षीचे. ठगी व दरोडे खात्याचे दप्तर आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याचा मोठा भाग माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांनी भरलेला आहे. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दिलेली जबानी हे कोणत्या प्रतीचे साधन होय, हा विचार वाचकानेच करावा.

हेच तत्त्व पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात आले. तो आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये एकत्रित कायदा झाला. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्या काळातील पुस्तके अजून फळीवर आहेत : मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील केनेडीची टिपणे (१९०८), त्रिं. ना. आत्रे यांचे 'गुन्हेगार जाती', रसेल व हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंड (१९१६). आत्रे हे 'गावगाड्या'चे कर्ते. त्यांच्या निरीक्षणशक्तीविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, ही सारी पुस्तके अधिकाऱ्यांनी, बव्हंशी पोलिसांच्या माहितीवरून, अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. एका पुस्तकातील विधान दुसऱ्यात येते, तिसऱ्यात येते, आणि तीन ग्रंथांची साक्ष आहे असे विद्यार्थी लिहून मोकळा होतो. साक्ष एकच असते. सूचीतही 'गुन्हेगार जमाती' हे पद पुष्कळ ठिकाणी अद्याप तसेच आहे. शोधासाठी ते वापरावेच लागेल, त्यास इलाज नाही. परंतु प्रबंधाच्या मजकुरात ते कायद्याने दिलेले नाव म्हणूनच यावे, वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून नव्हे. अशा माहितीसमोर ठेवावयास मराठीत एक साधन आहे, ते म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) व त्या प्रकारची आत्मकथने. ती लातूरकडची असली तरी पोलिसांची झडती घराच्या आतून कशी दिसते हे कळण्यास पोलीस अहवालाहून अधिक उपयोगी आहेत.

न्यायनिर्णयांच्या बाबतीत विदर्भातील अभ्यासक सुदैवी म्हणावा लागेल. मध्यप्रांताचे न्यायआयुक्तांचे न्यायालय नागपुरास होते. १९३६ मध्ये त्याच्या जागी नागपूर उच्च न्यायालय आले. १९५६ नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. 'नागपूर लॉ रिपोर्ट्स' आणि पुढे 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'ची नागपूर मालिका यांतून भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयातून गेलेली अपिले सापडतात. 'ऑल इंडिया रिपोर्टर' हे साऱ्या देशभर वापरले जाणारे नियतकालिक निघाले तेही नागपुरातच. मात्र छापला जातो तो कायद्याचा नवा मुद्दा असलेला निर्णय. शंभर खटल्यांत जे नित्य घडते ते छापले जात नाही, हे विसरता कामा नये.

छापील निर्णय काय सांगतो आणि काय सांगत नाही याचे उदाहरण फार दूर जाऊन शोधावयास नको. गोंदियाहून बल्लारशहाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनीनंतर वडसा स्थानक लागते. त्याला लागूनच देसाईगंज आहे. तेथील पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस होते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. हा निर्णय ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९७९ च्या खंडात, सर्वोच्च न्यायालय विभागात, पृष्ठ १८५ वर आहे. तो वाचला की मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या या गोष्टीस किती महत्त्व दिले गेले ते दिसते. ठाण्यातील अंधार व वर्दीची भीती यांना निकालपत्रात जवळजवळ स्थान नाही. तो विचार पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात आला, आणि त्या पत्रानंतर उठलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. केवळ निर्णयसंग्रह वाचणाऱ्यास हे पत्र भेटणार नाही. आणखी एक खोच अशी की, देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात असले तरी गडचिरोली जिल्हा १९८२ चा. १९७२ मधील कागद चंद्रपूरच्या नावाने आहेत.

आकडेवारीविषयी थोडेच सांगावयाचे आहे. 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनचा आहे. त्यात १९९९ नंतर भंडाऱ्याचे आकडे उतरलेले दिसले तर तेथील लोक एकाएकी सज्जन झाले असे समजू नये. अर्धा जिल्हा वेगळा झाला. गोंदिया हे मोठे जंक्शन असूनही स्थानकावरील व गाड्यांतील गुन्हे गोंदियाच्या नव्हे, तर नागपूर लोहमार्ग पोलिसांच्या खाती जमा होतात. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा विदर्भास लागू झाल्यानंतर गुन्ह्यांची जी वाढ दिसते ती माणसांची नसून कायद्याची आहे. नक्षलवादी चळवळीच्या काळातील खटले पाहणाऱ्याने १९८७ चा 'टाडा' कायदा वाचून ठेवावा. त्या कायद्याखालील अपील थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जात असे. म्हणून नागपूर खंडपीठाच्या निर्णयांत शोधणारा रिकाम्या हाताने परततो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. यापुढे जुन्या व नव्या क्रमांकांची तुलनात्मक सारणी जवळ बाळगल्यावाचून दोन वर्षांची कोष्टके जुळविता येणार नाहीत.

छापील साधने संपली की खालच्या न्यायालयांचे मूळ कागद पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. १९१७ च्या अभिलेखनाशाच्या कायद्याने न्यायालयांचे निरुपयोगी कागद मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद आहे, आणि तो कायदा करणाऱ्यांच्या मनात इतिहासाचा विद्यार्थी नव्हता. जबान्या जातात, नोंदवह्या बहुधा राहतात. तेव्हा अर्ज करताना विशिष्ट खटल्याचे कागद न मागता त्या वर्षाची फौजदारी नोंदवही मागावी. तीत आरोपीचे नाव, कलम, निकाल आणि शिक्षा एवढेच असते. पण त्या वर्षीचा वनअहवाल व पोलीस अहवाल शेजारी ठेवले, तर त्या चार रकान्यांतून पुष्कळ काही वाचता येते.