धुरी, धूर आणि प्लास्टिकचा खुळखुळा

लांजा परिसरात, किंबहुना सबंध दक्षिण कोकणात, लहान मुलाची वस्तू एकाच मुलापुरती घेण्याची रीत नव्हती. पाळणा, पांगुळगाडा, दुपटी आणि झबली थोरल्याकडून धाकट्याकडे, मामेभावाकडून आतेभावाकडे फिरत राहत, आणि नव्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचेच कापड लावावे असा संकेत होता. यात काटकसर होती हे खरे, परंतु त्याबरोबरच परक्या घरातून आलेली वस्तू आपल्या मुलाजोगी करून घेण्याचे एक पक्के ज्ञानही होते. कापड रिठ्याच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवायचे, दूध पाजायचे पितळी भांडे चिंच आणि राखुंडी, म्हणजे चुलीतली चाळलेली राख, लावून घासायचे, सावंतवाडीच्या लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी ओल्या फडक्याने पुसायची, आणि शेवटी सगळ्यावरून धुरी फिरवायची, असा तो क्रम होता.

धुरी म्हणजे शेगडीतील निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, धूप यांसारखी द्रव्ये टाकून उठवलेला औषधी धूर. बाळंतिणीच्या खोलीत तो रोज केला जाई आणि बाळाचे कपडेही त्यावर धरले जात. ज्या घरात चूल दिवसभर पेटती असे, तिथे धुराच्या वासाला कोणी दोष मानत नसे, उलट तो राखणीचा वास समजला जाई. तंबाखूचा धूर मात्र या समजुतीत कधीच बसला नाही.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली. अकबराच्या दरबारातील असद बेग विजापूरच्या वकिलातीवरून 1604 च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि चिलीम बादशहापुढे ठेवली. लांज्याशेजारचे राजापूर बंदर त्या काळी याच विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होते. पुढे चिलमीच्या जोडीला विडी आणि मग सिगारेट आली, तरी जोवर हा धूर ओटीवर किंवा खळ्यात ओढला जाई तोवर तो वाऱ्यावर जाई. गिरण्यांच्या मुंबईत, चाळीच्या एका खोलीत, पाळणा आणि विडी एकाच छपराखाली आली. चाकरमान्यांच्या घरात मोठ्या झालेल्या मुलांच्या वस्तू गणपतीला किंवा शिमग्याला येताना गावच्या नातवंडांसाठी आणल्या जात. त्यांची पोती आधी एसटीच्या टपावरून येत आणि 1998 मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर लांज्याजवळच्या विलवड्याच्या स्थानकावर उतरू लागली. त्या पोत्यांत लाकूड कमी होत गेले आणि प्लास्टिक वाढत गेले.

जुने ज्ञान अडखळले ते इथे. निकोटिन हे तंबाखूतील अल्कधर्मी द्रव्य पृष्ठभागांना घट्ट चिकटते, धुरातील तेलकट डांबर त्याच्यासह पातळ पिवळट थर धरते, आणि मऊ प्लास्टिक तर वासाची द्रव्ये आपल्यात मुरवून घेऊन उष्म्यात पुन्हा हळूहळू सोडते. म्हणूनच सकाळी स्वच्छ वाटलेला खुळखुळा दुपारी बाळाच्या हातात तापला की पुन्हा वास मारतो. पांढरे ओले फडके खेळण्यातल्या गाडीच्या चाकामागच्या खाचेतून फिरवले तर त्यावर उमटणारी तपकिरी रेघ हा त्याचा पुरावा होय. अशा वस्तूला धुरी दिली तर एका वासावर दुसरा चढतो, पहिला जात नाही. शिवाय तान्ह्या बाळाजवळ धूर करणे आज बालरोगतज्ज्ञ अयोग्य मानतात. सिगारेट विझल्यानंतर वस्तूंवर उरणाऱ्या या अवशेषाला वैद्यकीय लेखनात 2009 पासून ‘तिसऱ्या हाताचा धूर’ असे नाव रूढ झाले, आणि 2010 मध्ये असे दाखवण्यात आले की त्यातील निकोटिनची हवेतील नायट्रस आम्लाशी क्रिया होऊन कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मूल वस्तू तोंडात घालते, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या वासाचा राहत नाही.

तरीही जुन्या क्रमातली एक पायरी आश्चर्यकारकरीत्या कामाची आहे, ती म्हणजे आंबट लावणे. आम्लामुळे निकोटिनचे पाण्यात सहज विरघळणारे क्षार बनतात, म्हणून साबणाच्या कोमट पाण्याने तेलकट थर काढल्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने पुसून स्वच्छ पाण्याने धुणे ही रीत पितळेला चिंच लावणाऱ्या हातांना परकी नाही. नारळाच्या करवंटीपासून बनणारा सक्रिय कोळसा, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांत वापरला गेला, बंद डब्यात वस्तूशेजारी, पण तिला न लागता, ठेवल्यास उरलेला वास शोषतो. चुलीतला साधा कोळसा त्या मानाने फारच दुबळा. ऊन थोडेच द्यावे, कारण सततच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे मुलाच्या तोंडात जाण्याचा धोका असतो.

टणक प्लास्टिकची बादली, खुर्ची किंवा गाडी या उपायांनी बहुधा वापरण्याजोगी होते; परंतु दात येताना चावायची मऊ वस्तू धुऊनही वास देत असेल, तर ती कितीही जवळच्या नातलगाने दिलेली असली, तरी मुलाच्या हाती देऊ नये.