मासळी देण्याआधी स्टार्टअप कंपनी कशी तपासायची? मोबाईलवरच करता येते चौकशी

उत्तन-चौक : १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपली की चौक, पाली, उत्तनच्या बंदरांत पुन्हा होड्या लागतात. मासळी घ्यायला आता व्यापाऱ्यांसोबत ॲपवाल्या स्टार्टअप कंपन्याही असतात. भाव चांगला सांगतात, पण पैसे नंतर. माल उधारीवर गेला आणि कंपनी बसली तर डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर येतो. म्हणून आधी कंपनी शोधा, दुसऱ्या कंपनीशी ताडून बघा.

कंपनी खरी आहे का?
केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) वेबसाइटवर नाव टाकले की नोंदणीची तारीख, भांडवल आणि कंपनी चालू आहे की यादीतून काढली, हे कळते. तिथे २१ अक्षर-अंकांचा सीआयएन नंबर मिळतो. तो असा वाचावा : पहिले अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, यू म्हणजे न नोंदलेली. पुढचे ५ अंक धंद्याचे, २ अक्षरे राज्याची (महाराष्ट्र एमएच, कर्नाटक केए), मग स्थापनेचे साल. "दहा वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याचे साल इथेच उघडे पडते. एलएलपी असेल तर नंबर वेगळा असतो.

जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकी असतो. महाराष्ट्राचा २७ ने, कर्नाटकचा २९ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर तो चालू आहे की रद्द, ते दिसते. खाद्यपदार्थाच्या धंद्याला १४ अंकी एफएसएसएआय परवाना लागतो, तोही मागा.

स्टार्टअप इंडिया योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तिच्या पोर्टलवर राज्य आणि क्षेत्र निवडून कंपन्या शोधता येतात. मात्र सरकारी मान्यता म्हणजे तुमच्या पैशाची हमी नव्हे.

परदेशी कंपनी असेल तर?
ब्रिटनच्या कंपन्या 'कंपनीज हाउस'वर फुकट बघता येतात, जमा केलेल्या हिशेबासकट. सिंगापूरची नोंद 'बिझफाइल'वर मिळते. अमेरिकेत नोंदणी राज्याराज्यात होते, म्हणून आधी राज्य विचारा. बऱ्याचदा मूळ कंपनी सिंगापूरला आणि काम करणारी कंपनी भारतात असते. करारावर नाव कोणाचे आहे, ते नीट वाचा. पैसे थकले तर दावा त्याच नावावर करावा लागतो.

तुलना कशी करायची?
सारख्याची तुलना सारख्याशी करा. बेंगळुरूची फ्रेश टू होम घरोघरी मासे-मटण विकते. चेन्नईची ॲक्वाकनेक्ट कोळंबी-मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांसोबत काम करते. बेंगळुरूचीच कॅप्टन फ्रेश मोठ्या खरेदीदारांना मासळी पुरवते. सगळ्या मासळीच्याच, पण धंदे तीन. त्यांचे आकडे एका ओळीत मांडून उपयोग नाही.

देश वेगळे असतील तर पैसा एकाच चलनात आणा. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, कित्येक देशांत जानेवारी ते डिसेंबर. गुंतवणूक, विक्री आणि नफा या तीन वेगळ्या गोष्टी. "इतके कोटी उभे केले" म्हणजे तितके कमावले असे नाही.

मोठे नाव म्हणजे खात्री नाही
इंडोनेशियातील बांडुंगची ई-फिशरी २०१३ मध्ये सुरू झाली. मत्स्यशेतीला यंत्रे, खाद्य, कर्ज मिळवून देणारी ही कंपनी २०२३ मध्ये 'युनिकॉर्न', म्हणजे १ बिलियन डॉलरवर किंमत असलेली ठरली. मोठमोठ्या परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा लावला होता. डिसेंबर २०२४ मध्ये संस्थापकाला पदावरून बाजूला केले गेले. विक्रीचे आकडे फुगवल्याचे चौकशीत पुढे आले. मोठे गुंतवणूकदार फसतात, तिथे जाहिरात पाहून आपण किती भरवसा ठेवायचा?

माल देण्याआधी हे करा
- सीआयएन, जीएसटी, एफएसएसएआय तिन्ही नंबर घेऊन स्वतः तपासा.
- त्याच धंद्यातल्या निदान दोन कंपन्यांचा भाव, वजनाची पद्धत, कट्टी आणि पैसे देण्याची मुदत कागदावर शेजारी शेजारी लिहा.
- दुसऱ्या बंदरात माल देणाऱ्या नाखवाला विचारा : पैसे किती दिवसांत आले?
- पहिल्या वेळी थोडाच माल द्या, पैसे खात्यात आल्यावर पुढचा.
- एजन्सीसाठी आधी अनामत मागितली तर सोसायटीत दाखवल्याशिवाय भरू नका.