सड्यावरच्या रेघा

मे महिन्यात रत्नागिरीला गेलं की सड्यावर एक फेरी होतेच. यंदा वाट वाकडी करून उक्षीचा हत्ती पाहून आलो. जांभ्यात कोरलेला, भोवती चिऱ्यांचा गडगा. तिथे उभं राहून मला आठवली ती फ्रान्समधली लास्कोची गुहा. तिथली चित्रं १९४० साली सापडली, १९४८ ला गुहा लोकांसाठी उघडली आणि १९६३ ला बंदही करावी लागली. कारण? माणसांचा श्वास! त्यातला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, वर दिव्यांचा उजेड... भिंतींवर शेवाळ धरलं. हजारो वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत धोक्यात.

आमच्या कातळशिल्पांना तर छप्परच नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही असा कातळ. तरी रेघा शाबूत! जांभा हे मुळात पावसाचंच अपत्य. पाण्याने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, ते उघड्यावर टणक झालं. शिवाय खोबणींत माती भरते, गवत उगवतं, आणि चित्र पांघरूण घेऊन पडून राहतं. साफ केलं की मात्र पाऊस, गुरांचे खूर आणि आपल्या चपला थेट त्याच्यावर.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी सडे पालथे घातले म्हणून हे सगळं जगापुढे आलं. २०२२ मध्ये उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे धरून नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सडा म्हणजे पडीक जागा, हे आपल्या डोक्यात पक्कं. म्हणून चिरेखाणी, रस्ते, आणि हापूस.

हो, हापूससुद्धा. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, तेव्हा आमच्या काकांनीही सड्यावर सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे घेतले. उक्षीचे फोटो दाखवले तर बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "अरे, अशा रेघा आपल्याकडेपण होत्या. आम्ही म्हटलं, पाण्याने पडल्या असतील."

मी काहीच बोललो नाही. त्याच कलमांचे आंबे खाऊन आम्ही सगळी भावंडं वाढलो.

आता कलमांच्या मधली जागा साफ करून बघायचं ठरलंय. काही दिसलं तर आधी फोटो, मग जाणकारांना फोन, आणि तोवर पुन्हा मातीखाली. मी केरसुणी शोधत होतो, तर काका पडवीतून ओरडले, "केरसुणी नको रे, खराटा घे!"