डोर्निएचे धातूचे विमान

पहिल्या महायुद्धातले लढाऊ विमान म्हटले की लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि दोन पंखांमध्ये तारांचे जाळे असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते खोटे नाही. पण त्याच युद्धाच्या शेवटच्या वर्षी, १९१८ साली, जर्मनीत असे एक दुपंखी लढाऊ विमान उडाले की ज्यात ना लाकूड होते, ना पंख बांधून धरणाऱ्या तारा. ते बनवले क्लॉड डोर्निए या तरुण इंजिनिअराने, बोडेन सरोवराकाठी लिंडाऊ येथल्या झेपेलिन कंपनीच्या कारखान्यात.

धातूचे विमान ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. हुगो युंकर्सने १९१५ मध्येच पोलादी पत्र्याचे विमान उडवून दाखवले होते. ते इतके जड, की लोकांनी त्याला 'टिनाचे गाढव' असे नाव ठेवले! डोर्निएने निवडला ड्युराल्युमिन. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून तापवायचे, झटकन थंड करायचे आणि काही दिवस तसेच ठेवायचे. धातू आपोआप कणखर होतो. आल्फ्रेड विल्म या शास्त्रज्ञाला १९०६ च्या सुमारास हा गुण आढळला. वजन म्हणाल तर पोलादाच्या साधारण एक तृतीयांश.

पण डोर्निएचे खरे कौशल्य धातूच्या निवडीत नव्हते, पत्र्याला काम देण्यात होते. कापडी विमानात सगळा भार सांगाडा सोसतो. कापड नुसते वारा अडवते. डोर्निएने गुळगुळीत पत्रा सांगाड्याला असा जखडला की तोही भार पेलू लागला. कवच हाच हाडांचा एक भाग झाला म्हणा ना! त्यामुळे पंखांच्या टोकांकडले खांब आणि तारा यांची गरजच उरली नाही. वरचा पंख धडाला जोडला होता तो फक्त चार आखूड दांड्यांनी.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तारांच्या जाळ्यात भार अनेक ठिकाणी वाटला जातो. इथे मात्र वरच्या पंखाचा सगळा ताण त्या चार दांड्यांवर आणि त्यांच्या जोडांवर येत होता. हे जोड पुरेसे मजबूत नाहीत हे समजलेले होते. नवे, भक्कम जोड बसायचे होते. तोवर पूर्ण भाराच्या कसोटीतून या विमानाला सूट मिळाली होती.

आणि तशाच स्थितीत ते बर्लिनजवळच्या आडलर्सहोफ येथे लढाऊ विमानांच्या चाचणीत उभे राहिले. दिवस होता ३ जुलै १९१८. रिख्तहोफेन एप्रिलमध्ये पडल्यावर त्याच्या प्रसिद्ध तुकडीचे नेतृत्व कॅप्टन विल्हेल्म राइनहार्ट याच्याकडे आले होते. वीस विमाने पाडलेला हा गडी. त्याच्या आधी हर्मान गोअरिंग हेच विमान उडवून सुखरूप उतरला. मग राइनहार्ट चढला. हवेत वरच्या पंखाचा आधार तुटला, पंख निखळला आणि राइनहार्ट ठार झाला. त्याच महिन्यात तुकडी गोअरिंगच्या हाती गेली. पुढे हाच गोअरिंग हिटलरच्या विमानदलाचा प्रमुख झाला.

राइनहार्टऐवजी गोअरिंग पडला असता तर? हा प्रश्न मनात येतो खरा. पण इतिहासाला 'जर-तर' विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचे ते हे: उणीव कागदावर नोंदली गेली होती, सवलतही कागदावरच दिली गेली होती, मग विमान उडवायला दिलेच का? सवलत यंत्राला मिळाली, किंमत वैमानिकाने मोजली.

पुढे जोड मजबूत केले, अधिक शक्तीचे बी.एम.डब्ल्यू. इंजिन बसवले. तरी ऑक्टोबरच्या चाचणीत विमान सावकाश चढते, वळवायला जड जाते अशा तक्रारी झाल्याच. नोव्हेंबरात युद्ध थांबले आणि हे विमान आघाडीवर न जाताच मागे पडले.

कल्पना मात्र मागे पडली नाही. अमेरिकेच्या सैन्याने आणि नौदलाने या जातीची विमाने अभ्यासासाठी विकत घेतली. डोर्निए स्वतः धातूच्या उडत्या नौकांकडे वळला. १९२५ साली आमुंडसेन उत्तर ध्रुवाकडे निघाला तो त्याच्याच दोन 'वाल' विमानांतून. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भार पेलणारा पत्रा ही विमानबांधणीची नेहमीची रीत झाली. त्या दिवशी हरला तो पत्रा नव्हे, हरला जोड. आणि जोड बदलेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हते, हे त्याहून मोठे कारण.